सैतानाची नखं आणि त्रिकोणी इंजिन

मुलांनो, उखळात मुसळ कसं चालतं? वर, खाली, वर, खाली. आणि जातं? ते आपलं एकाच दिशेने गरगर फिरतं. कांडताना मुसळ प्रत्येक खेपेला थांबतं आणि उलट फिरतं. जात्याला ती भानगड नाही.

पेट्रोलवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांचं इंजिन मुसळाच्या जातीचं असतं. नळकांड्यात पिस्टन, म्हणजे दट्ट्या, मिनिटाला हजारो वेळा खालीवर होतो. त्या खालीवरचं मग गोल फिरणं करायचं, कारण चाकं गोल फिरतात ना! मग इंजिन पहिल्यापासूनच जात्यासारखं का नको?

हाच प्रश्न जर्मनीतल्या फेलिक्स वांकेलच्या डोक्यात बसला. १९०२ सालचा त्याचा जन्म. इंजिनियरिंगची पदवी नव्हती. नजर इतकी अधू की गाडी चालवायचा परवानाही त्याने कधी काढला नाही! पण १९२९ मध्ये त्याने फिरत्या इंजिनाचं पहिलं पेटंट घेतलं, आणि १९५७ मध्ये एनएसयू नावाच्या जर्मन कंपनीत त्याचं इंजिन प्रत्यक्ष सुरू झालं. मधली अठ्ठावीस वर्षं मोजा बरं!

आता त्याच्या आत डोकावू. भुईमुगाची दोन दाण्यांची शेंग असते ना, मध्ये किंचित दबलेली? तशा आकाराची एक पोकळी. तिच्यात फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरतो. त्याला म्हणायचं रोटर. त्रिकोणाची तिन्ही टोकं पोकळीच्या भिंतीला कायम टेकलेली. त्यामुळे भिंत आणि रोटर यांच्यामध्ये तीन खोल्या होतात, आणि रोटर फिरला की या खोल्या लहानमोठ्या होत जातात. खोली मोठी झाली की हवा-पेट्रोल आत येतं, लहान झाली की दाबलं जातं, मग ठिणगी पडते, भडका उडतो, रोटर ढकलला जातो आणि शेवटी धूर बाहेर. एका खोलीत भडका उडत असताना दुसरीत ओढणं आणि तिसरीत धूर बाहेर टाकणं चालूच! दोन रोटरच्या इंजिनात हलणारे मुख्य भाग फक्त तीन, दोन रोटर आणि एक दांडा. म्हणून ते छोटं, हलकं आणि थरथर अगदी कमी.

ऐकायला सोपं वाटतं. खरी मेख त्रिकोणाच्या टोकांत आहे. टोक आणि भिंत यांच्यात बारीकशी फट राहिली, तरी भडक्याचा वायू शेजारच्या खोलीत घुसणार आणि जोर फुकट जाणार. म्हणून प्रत्येक टोकाला एक पट्टी बसवतात. ही पट्टी रोटरबरोबर पळत भिंतीला घासते.

इथे गोष्ट जपानला जाते, हिरोशिमाला. अणुबाँबमुळे या शहराचं नाव तुम्ही ऐकलं असेल. तिथे तोयो कोग्यो नावाची कंपनी होती. १९२० मध्ये ती बुचाच्या वस्तू बनवायला निघाली, पुढे तीनचाकी मालगाड्या बनवू लागली. आज तिला आपण माझदा म्हणतो. १९६० च्या सुमाराला सरकारच्या मनात होतं की, छोट्या मोटार कंपन्यांनी मोठ्यांत विलीन व्हावं. आपली कंपनी टिकवायची तर दुसऱ्या कोणाकडे नाही असं काही हवं, हे मालक त्सुनेजी मात्सुदा यांनी ओळखलं. १९६१ मध्ये त्यांनी एनएसयूशी करार केला.

इंजिन आलं, चाचणी झाली, उघडून पाहिलं तर आतल्या गुळगुळीत भिंतीवर ओरखडेच ओरखडे! पट्टी थरथरत होती आणि भिंत खरवडून काढत होती. त्या ओरखड्यांना तिथल्या लोकांनी नाव ठेवलं, ‘सैतानाची नखं’. १९६३ मध्ये केनिची यामामोतो यांच्या हाताखाली सत्तेचाळीस इंजिनियरांचं पथक बसलं. जपानमध्ये सत्तेचाळीस सामुराईंची एक जुनी कथा घरोघरी माहीत आहे, म्हणून यांनाही तेच नाव चिकटलं. या पथकाने पट्टीसाठी नाना पदार्थ वापरून पाहिले. अगदी घोड्याचं हाडसुद्धा! मग पट्टीत आडवीउभी छिद्रं पाडल्यावर थरथर थांबली. शेवटी कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवलेली पट्टी कामी आली. मे १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट ही गाडी बाजारात आली. दोन रोटर, मिळून ९८२ सीसी, आणि ताकद ११० अश्वशक्ती.

त्याच वर्षी एनएसयूचीही आरओ ८० निघाली. गाडी देखणी, पण टोकाच्या पट्ट्या लवकर झिजायच्या. कंपनीला इंजिनं बदलून द्यावी लागली आणि १९६९ मध्ये ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. माझदाला जी भीती होती, ती एनएसयूच्या वाट्याला आली.

माझदाचं सगळं छान झालं असंही नाही. हे इंजिन पेट्रोल जास्त पितं. खोली लांबट, चपटी असल्यामुळे उष्णता भिंतीत जाते आणि पेट्रोल नीट जळत नाही. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकल्यावर माझदाच्या नाकी नऊ आले. तरी त्यांनी हट्ट सोडला नाही. जून १९९१ मध्ये फ्रान्समधल्या ल मां इथल्या चोवीस तासांच्या शर्यतीत त्यांची चार रोटरची ७८७बी गाडी ३६२ फेऱ्या मारून पहिली आली. जपानी गाडीने ही शर्यत जिंकायची ती पहिलीच वेळ. शेवटी गाडी चालवणारा जॉनी हर्बर्ट इतका थकला की बक्षिसाच्या मंचावर त्याला जाताच आलं नाही. पुढे आरएक्स-८ ही गाडी २०१२ मध्ये बंद झाली. २०२३ मध्ये माझदाने रोटर परत आणला, पण चाकं फिरवायला नाही. विजेच्या गाडीत बॅटरी भरणारा जनरेटर म्हणून!

आता शेंगेचा तो आकार तुम्हीच काढा. जाड पुठ्ठ्याच्या दोन चकत्या कापा, एक ८ सेंटिमीटर व्यासाची, दुसरी ४ सेंटिमीटरची. लहान चकतीला मध्यापासून १ सेंटिमीटरवर पेन्सिलीपुरतं भोक पाडा. मोठी चकती कागदावर चिकटवा. भोकात पेन्सिल घालून लहान चकती मोठीच्या कडेकडेने बाहेरून एक पूर्ण फेरी फिरवा. घसरू द्यायची नाही हं, नाहीतर रेघ जिथे सुरू झाली तिथे परत मिळणार नाही. मग १०.४ सेंटिमीटर बाजूचा समभुज त्रिकोण कापा आणि मोठी चकती काढून त्या आकारात ठेवा. त्रिकोण हळूहळू फिरवत न्या. तिन्ही टोकं सतत रेघेवर राहतात का बघा. आणि कुठे फट दिसली, तर ती किती मिलिमीटरची आहे तेही मोजा.