सायलेंसर, आटे आणि आपले गद्य

‘उपयोजित मराठी’ या नावाखाली आपण पदवीच्या वर्गांत अर्ज शिकवतो, इतिवृत्त शिकवतो, जाहिरात, बातमी, मुलाखत, निवेदन शिकवतो. यांतले बहुतेक लेखन माणसाने माणसाला काही पटवण्यासाठी, कळवण्यासाठी आणि कधीकधी टाळण्यासाठी केलेले असते. एखाद्या वस्तूपुढे बसून ‘आधी हे कर, मग ते कर’ असे सांगणारे, आणि सांगितलेले बरोबर की चूक याचा निकाल तिथल्या तिथे लावणारे लेखन मात्र आपल्या अभ्यासक्रमात जवळजवळ नसते. ही उणीव किरकोळ आहे असे आम्हांला वाटत नाही. मराठी गद्याची ताकद जोखण्यासाठी आपण नेहमी ललितगद्याकडे किंवा वैचारिक निबंधाकडे जातो. आमचे म्हणणे असे की मोटारसायकलीचा जुना सायलेंसर उतरवून बाजारातून आणलेला दुसरा स्वतःच्या हाताने कसा बसवावा, हे नीट, नेमके आणि वाचणाऱ्याची बोटे शाबूत राखून लिहिता येते का, हीसुद्धा तितकीच कठीण कसोटी आहे.

उदाहरण विचित्र वाटेल, पण ते हवेतून आणलेले नाही. आम्हां दोघांपैकी एकाकडे साडेतीनशे सीसीची बरीच जुनी मोटारसायकल आहे. कोकणातल्या बदलीच्या काळात तिचा सायलेंसर खालच्या अंगाने गंजत गेला आणि शेवटी त्याला आरपार भोके पडली. नवा आणला, तोही स्वतःच बसवायचा असे ठरवून. खोक्यात एक कागद होता. त्यावर इंग्रजीत सात-आठ ओळी, एक धूसर आकृती आणि शेवटी ‘हे काम कुशल तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे’ अशा अर्थाची सूचना. कोणता नट आधी सैल करायचा, कोणता शेवटी आवळायचा, याबद्दल अक्षर नाही. स्टाफरूममधल्या सहकाऱ्यांचा सल्ला एकमुखी होता : गॅरेजला टाका, तासाभराचे काम आहे. तो चुकीचा नव्हताच. पण आपण भाषेचे अध्यापक इतक्या सहजतेने हात झटकतो, याचेच आम्हांला नवल वाटले.

रॉबर्ट पिर्सिगचे १९७४ साली प्रसिद्ध झालेले मोटारसायकल-देखभालीच्या नावाचे पुस्तक आपल्या चर्चासत्रांत पुष्कळदा उद्धृत होते. त्यातल्या ‘गुणवत्ता’ या संकल्पनेवर बोलणाऱ्यांना, जोडणीच्या सूचनापत्रकांवरही त्यात गंभीर चर्चा आहे याची आठवण क्वचितच असते. असो.

तर ही कृती. ती मुद्दाम मराठीत मांडतो, कारण पुढचा सगळा मुद्दा तिच्यावर उभा आहे.

इंजिन पूर्ण गार हवे. काही मिनिटे चाललेल्या गाडीचा पाइपही कातडी सोलून काढतो. गाडी मधल्या स्टँडवर, सपाट जागी उभी करावी. आदल्या रात्रीच सगळ्या नट-बोल्टांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. बहुतेक एक-सिलिंडरी गाड्यांत बेंड पाइप इंजिनाच्या हेडला दोन स्टडवर नटांनी धरलेला असतो, सायलेंसर त्या पाइपवर चढवून पट्टीने आवळलेला असतो आणि मागे एखाद-दोन बोल्टांवर चासीला टांगलेला असतो. काढताना मागचा बोल्ट शेवटी काढावा, आणि त्याआधी सायलेंसरखाली लाकडाचा ठोकळा द्यावा. नाहीतर त्याचे सारे वजन पुढच्या सांध्यावर लोंबकळते. हेडवरचा नट हटत नसेल तर जोर लावू नये. पुन्हा तेल, पुन्हा वाट पाहणे, थोडे पुढे थोडे मागे. कारण स्टड पोलादी आणि हेड ॲल्युमिनियमचे. स्टड आत तुटला तर वीस रुपयांच्या वस्तूपायी हेड उतरवण्याची पाळी येऊ शकते. हेडच्या तोंडातले जुने पॅकिंग उकरून काढावे आणि नवे बसवावे. दाबून एकदा चपटे झालेले पॅकिंग पुन्हा तशी मिठी मारत नाही.

आता बसवण्याचे. इथेच खोक्यातला कागद मुका होता, आणि इथेच आम्हांला आमच्या गावातले एक मिस्त्री कामी आले. त्यांनी एवढेच सांगितले, “सर, आधी सगळं लूज ठेवा. हातानं बसेल तेवढंच बसवा. पाना शेवटी.” या तीन वाक्यांत सारे यंत्रशास्त्र आहे. पुढून मागे एकेक नट बोटांनीच चढवावा. तिरका चढला तर बोटांना लगेच कळते, पान्याला कळत नाही, तो आटे खाऊन पुढे जातो. सगळे सैल असताना पाइप आणि सायलेंसर आपली जागा आपण शोधतात. मग हेडवरचे दोन नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळायचे. मग पट्टी, आणि सर्वांत शेवटी मागचा बोल्ट. उलट केले, म्हणजे मागचे आधी घट्ट केले, तर पाइपमध्ये एक पीळ राहून जातो. तो डोळ्यांना दिसत नाही. पण इंजिनाच्या थरथरीबरोबर तो रोज थोडाथोडा स्टडवर आणि वेल्डिंगवर निघतो, आणि काही महिन्यांनी एक दिवस काहीतरी तुटते. गाडी चालू करण्याआधी नळीवरचे बोटांचे तेलकट ठसे पुसून घ्यावेत, नाहीतर पहिल्याच उष्णतेत ते क्रोमवर कायमचे भाजले जातात. पहिली पाचदहा मिनिटे थोडा धूर येतो, तो नव्या लोखंडावरच्या तेलाचा. सांध्याजवळून फुसफुस ऐकू आली तर तिथे गळती आहे असे समजावे. शंभरेक किलोमीटर झाल्यावर, गाडी गार असताना, सगळे पुन्हा एकदा आवळून पाहावे.

२०२० नंतरच्या, म्हणजे बीएस-६ गाड्यांना हे जसेच्या तसे लागू करू नये. त्यांच्या निकास-मार्गात ऑक्सिजन सेन्सर असतो आणि धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही. तो भाग काढून टाकणे हा हौसेचा विषय नाही.

वरच्या परिच्छेदांत मराठी कोठे अडखळली? आमच्या मते फारशी नाही, आणि जिथे अडखळली तिथे ती मिस्त्रींनी उचलून धरली. ‘आटे’ हा शब्द पाहा. पेचाच्या खाचांसाठी इतका नेमका, इतका रुळलेला शब्द वर्गात पन्नास विद्यार्थ्यांपैकी किती जणांना माहीत असतो? ‘आटे गेले’, ‘आट्यावर बसला’ हे प्रयोग गॅरेजात रोज होतात. आपण ‘थ्रेड’ म्हणतो आणि मराठीला शब्द नाहीत म्हणून हळहळतो. उलट ‘पॅकिंग’, ‘बेंड पाइप’, ‘वायसर’ हे उसने शब्द मिस्त्रींच्या तोंडी असे मुरले आहेत की ते हटवण्याचा आग्रह म्हणजे चालत्या गाडीची साखळी उतरवणे. कोशांत ‘निष्कास’ हा शब्द भेटतो. तो चुकीचा नाही, पण हात काळे झालेल्या माणसाने तो उच्चारलेला आम्ही ऐकलेला नाही. ‘धुराडे’ हा घरचा शब्द आगगाडीच्या इंजिनाला आणि आगबोटीला मिळाला, मोटारसायकलीपर्यंत मात्र तो आलाच नाही. तिला आपण ओळखले ते कानाने. ‘फटफटी’ हे नाव चाकांवरून किंवा वेगावरून आलेले नाही, ते तिच्या सायलेंसरच्या तोंडून आलेले आहे.

आणि या फटफटणाऱ्या अवयवाचे नाव काय, तर सायलेंसर, गप्प करणारा. ब्रिटिश इंग्रजीतून आपण तो शब्द घेतला. अमेरिकन लोक त्याच वस्तूला ‘मफलर’ म्हणतात. आज बाजारात जो सायलेंसर सर्वाधिक हौसेने विकत घेतला जातो तो गप्प करण्यासाठी नसतोच. विक्रेते त्याला ‘फ्री-फ्लो’ म्हणतात, आमचे विद्यार्थी ‘मोकळा’ म्हणतात. ‘मोकळा’ हा मराठीतला किती सुंदर शब्द! मोकळे रान, मोकळे मन, मोकळा श्वास. त्याच्या पुण्याईवर इथे एक वेगळीच वस्तू खपते आहे, आणि शब्दांचा व्यवसाय करणाऱ्यांनी तरी हे निमूट चालू देऊ नये.

जो सायलेंसर हातात घेऊन त्याच्या आत डोकावतो, त्याला ही लबाडी चटकन कळते. मूळ सायलेंसरच्या पोटात कप्पे असतात, भोके पाडलेल्या नळ्या असतात. इंजिनातून ठोक्याठोक्याने येणाऱ्या दाबाच्या लाटा तिथे आपटून परततात आणि एकमेकींना मारतात. दुसऱ्या प्रकारात सच्छिद्र नळीभोवती काचेची लोकर भरलेली असते, ती आवाज शोषते. ‘मोकळा’ करणे म्हणजे हे अडसर काढून टाकणे. त्याने गाडी पळू लागते असा पक्का समज आहे. केवळ सायलेंसर बदलून, इंधनाचे प्रमाण न जुळवता, मिळणारा लाभ फार थोडा असतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत मिश्रण पातळ होऊन इंजिन तापण्याचीच शक्यता अधिक. कान फसतो, मोठ्या आवाजाला तो वेग समजतो. १७५ सीसीवरच्या दुचाकीसाठी निर्मितीच्या वेळची मर्यादा ८० डेसिबल आहे. डेसिबलचे गणित सरळ बेरजेचे नसल्यामुळे ९० म्हणजे जरासे जास्त नव्हे. ध्वनीची ऊर्जा तिथे दहापट झालेली असते.

कायदा याबाबत संदिग्ध नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२०वा नियम आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेंसर प्रत्येक वाहनाला बंधनकारक करतो. आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९०(२) खाली दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. जप्त केलेल्या सायलेंसरांवरून पोलिसांनी रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे आपण वृत्तपत्रांत पाहतोच. पण आम्हांला दंडाइतकाच दुसरा प्रश्न छळतो. आमच्या महाविद्यालयासमोरच्या रस्त्यावर प्रसूतिगृह आहे. तिथून रात्री अकराला ज्या गाड्या जातात, त्यांतल्या दोनतीन आमच्याच वर्गातल्या मुलांच्या आहेत, आणि त्यांतल्या एकाने सायलेंसर स्वतः, अगदी निगुतीने बसवलेला आहे. त्याच्या हाताचे आम्हांला खरेच कौतुक आहे. कवितेच्या तासाला शेवटच्या बाकावर पेंगणाऱ्या या मुलाला पॅकिंग, पीळ, आळीपाळीने आवळणे हे सारे कोणी न शिकवता उमगले आहे. त्याला आम्ही ‘गोंगाट करू नकोस’ म्हणतो तेव्हा तो ऐकून घेतो. ‘तू काढलेली जाळी नेमके काय काम करत होती ते लिहून आण’ म्हणतो तेव्हा तो चमकून बघतो. त्याच्या कौशल्याला आजवर कोणी भाषा मागितलेली नव्हती.

म्हणून या वर्षी अंतर्गत मूल्यमापनात आम्ही एक प्रश्न घातला : स्वतःला हाताने करता येणारी कोणतीही एक कृती, ती न येणाऱ्या माणसाला वाचून करता येईल अशी लिहा. विभागातल्या ज्येष्ठांनी ‘हे आयटीआयचे काम’ असा शेरा मारला. तो आम्हांला तितकासा लागला नाही. उत्तरे बहुतेक निबंधासारखी आली. ‘चुलीवरची भाकरी’ लिहायला घेतलेल्यांपैकी अनेक जण आजीच्या आठवणीत रमले आणि पीठ किती गरम पाण्यात भिजवायचे ते राहूनच गेले. एका मुलीने शिलाई मशीनचा दोरा ओवण्याची कृती लिहिली. ती वाचून आम्ही दोघांनी प्रयोगशाळा-साहाय्यकांच्या घरच्या मशीनवर दोरा ओवला, पहिल्याच फटक्यात. त्या मुलाने सायलेंसरवर लिहिले. क्रम बिनचूक होता, शुद्धलेखन नव्हते. जाळीविषयी त्याने दोन ओळी लिहून खोडल्या होत्या. खोडलेल्या ओळी वाचता येत होत्या, आणि त्यांत प्रसूतिगृहाचे नाव होते. गुण द्यायचे ते खोडलेल्या ओळींचेही द्यायचे की नाही, यावर आम्हां दोघांचे अजून एकमत झालेले नाही.