आई-वडिलांना बोटीने मुंबई दाखवा, पण सावकाश

बीड जिल्ह्यातल्या कितीतरी वयस्कर माणसांनी मुंबई पाहिली आहे, ती फक्त परळची. टाटा नाहीतर केईएमची रांग, हातात तपासण्यांची फाइल, नातेवाइकांच्या एका खोलीत मुक्काम आणि काम झालं की रात्रीच्या ट्रॅव्हल्सने परत. समुद्र जवळच असतो, पण तिकडे बघायची मनःस्थिती नसते.

आता अनेक कुटुंबं सुट्टीत अलिबागला जातात. त्या वेळी घरात दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर "त्यांना शुगर आहे, बीपी आहे, उगाच त्रास नको" म्हणून आई-वडिलांना घर राखायला ठेवतात. नाहीतर सोबत नेतात आणि चार दिवसांत दहा ठिकाणं दाखवून आजारी पाडून आणतात. माझ्या मते दोन्ही चूक आहे. मधुमेह किंवा रक्तदाब आटोक्यात असलेल्या माणसाला सहल वर्ज्य नाही. त्याला वर्ज्य आहे ती घाई, उपाशीपोटी फिरणं आणि चुकलेली गोळी.

एक दिवस, एकच शहर

अलिबागजवळच्या मांडव्याहून गेटवे ऑफ इंडियाला बोट जाते. सुमारे एका तासात आपण मुंबईत पोहोचतो. हेच अंतर रस्त्याने शंभर किलोमीटरच्या आसपास भरतं आणि वाहतुकीची कोंडी वेगळी. मार्च २०२० पासून भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो सेवाही आहे. तिच्यात गाडीसकट जाता येतं, त्यामुळे गुडघेदुखी असलेल्यांना ती सोयीची पडते.

बीडहून अलिबागला पोहोचल्यावर त्या दिवशी फक्त विश्रांती घ्या. दुसऱ्या दिवशी नाश्ता आणि गोळ्या घेऊन सकाळची बोट पकडा. गेटवेला उतरा, थोडं बसा. जवळच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, टॅक्सीने जा. तिथे सावली आहे, बसायला जागा आहे. वेळेवर जेवा आणि चारच्या सुमारास परतीची बोट धरा. शेवटच्या बोटीची वेळ सकाळीच विचारून ठेवा, म्हणजे संध्याकाळी म्हाताऱ्या माणसांना पळवावं लागणार नाही. त्याच दिवशी सिद्धिविनायक, हाजी अली आणि जुहूही "उरकून घेऊ" असं म्हणू नका.

बोट लागते म्हणजे काय?

आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारा अवयव असतो. तो मेंदूला सांगतो की शरीर हलतंय. डोळे मात्र बोटीतला स्थिर बाक किंवा मोबाईल बघत असतात. या दोन निरोपांचा मेळ बसत नाही आणि मळमळ, घाम, उलटी सुरू होते. हा त्रास लहान मुलांना जास्त होतो आणि वयानुसार साधारणपणे कमी होत जातो. म्हणजे आजोबांपेक्षा नातवाची काळजी आधी घ्यायला हवी!

बोटीच्या मध्यभागी बसा, लांब क्षितिजाकडे बघा, मोबाईल खिशात ठेवा. पोट पूर्ण रिकामं नको आणि तुडुंबही नको. उलटीची गोळी निघण्याआधी तासभर घ्यावी लागते. उलटी सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. मात्र या गोळ्यांनी झोप येते, तोल जाऊ शकतो. प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडू शकते, आणि काचबिंदूच्या काही रुग्णांना त्या चालत नाहीत. म्हणून ज्येष्ठांना दुकानातून परस्पर आणून देऊ नका.

घाम उकाड्याचा की साखर उतरल्याचा?

आपल्याकडचा उन्हाळा कडक, पण कोरडा. घाम लगेच वाळतो आणि अंग थंड होतं. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे तापमान बीडपेक्षा कमी असूनही थकवा जास्त येतो. त्यातच मधुमेहाच्या रुग्णाची साखर कमी झाली, तर तेव्हाही घामच येतो. घरचे म्हणतात, "उकडतंय," आणि वेळ जातो.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याला घाम, थरथर, एकदम भूक किंवा बोलण्यात गोंधळ जाणवला, तर आधी तीन चमचे साखर पाण्यातून द्या. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा द्या. बरं वाटल्यावर जेवू घाला. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. साखरेची पुडी रुग्णाच्या स्वतःच्या खिशात हवी, मागे राहिलेल्या बॅगेत नको. इन्सुलिन मांडव्याला उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, ते खराब होतं.

पाणी न पिण्याची सवय

आपल्या बायका प्रवासात पाणी पीत नाहीत, कारण स्वच्छतागृहाची खात्री नसते. परिणामी लघवीचा जंतुसंसर्ग होतो, चक्कर येते. काही जण त्याच कारणाने बीपीची, म्हणजे लघवी वाढवणारी गोळी त्या दिवशी गाळतात. हृदय कमजोर असलेल्याला हे महागात पडू शकतं. गोळी बंद करू नका. उशिरा घेतली तर चालेल का, हे आधी डॉक्टरांना विचारा. बोटीत बसण्याआधी आणि संग्रहालयात स्वच्छतागृहाला जाऊन यायचं, हे ठरवूनच ठेवा. त्यात लाज कसली?

लाइफ जॅकेट घालायचंच

१७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट पावसाळी समुद्रात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या 'नीलकमल' बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली. १५ जणांचा मृत्यू झाला. घाबरून जाणं सोडू नका. पण जॅकेट अंगात घाला, बांधा, खच्चून भरलेली बोट सोडून द्या. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात, तेव्हा ही सहल थंडीत करा. धक्क्याच्या पायऱ्या ओल्या असतात, आई-वडिलांचा हात धरा.

ज्यांना नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला आहे, थोडं चाललं तरी छातीत दुखतं किंवा दम लागतो, ज्यांची साखर सारखी वर-खाली होते, त्यांनी सध्या थांबावं. बाकीच्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून जावं.

आयुष्यभर शेतात राबलेल्या, कोयता हाती घेऊन कारखान्यांवर गेलेल्या माणसांना मुंबई फक्त दवाखान्याची म्हणून आठवावी, हे मला पटत नाही. औषधांची चिठ्ठी खिशात असू द्या. जाड फाइल मात्र एकदा घरी ठेवा.