बेवारस कोणाला म्हणावे?

अमेरिकेतील ओहायो राज्यात एप्रिल १९८१ मध्ये रस्त्याकडेला एका तरुणीचा मृतदेह सापडला. हत्या उघड होती, नाव मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. अंगावरच्या हरिणाच्या कातड्याच्या जाकिटावरून तिला ‘बकस्किन गर्ल’ म्हटले गेले. २०१८ मध्ये ‘डीएनए डो प्रोजेक्ट’ या स्वयंसेवी संस्थेने तिच्या जपून ठेवलेल्या रक्तावरून ‘जेडमॅच’ या वंशावळीच्या संग्रहात एक नातलग हुडकला आणि अवघ्या काही तासांत नाव निष्पन्न झाले. लेक परत येईल या आशेने तिच्या आईने ३७ वर्षे घर बदलले नव्हते!

आपल्याकडे असा देह ‘बेवारस’ ठरतो. वस्तुतः वारस असतो, त्याला कोणी कळविलेले नसते. आणि नाव-गोत्राच्या उच्चाराविना तिलांजली तरी कोणाला द्यायची? अमेरिकी संग्रहांत बहुतांश युरोपीय वंशाचे लोक, ते आपल्या कामाचे नाहीत. बेपत्ता व्यक्ती व अज्ञात मृत यांच्या सूचीची तरतूद असलेले डीएनए विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि २०२३ मध्ये मागे घेतले गेले. खासगीपणाविषयीचे आक्षेप अगदीच निराधार नव्हते. परंतु आईने स्वेच्छेने दिलेला नमुना केवळ अज्ञात मृतांशी ताडून पाहण्यास कोणाची हरकत असावी? गुन्हेगारांच्या सूचीचा वाद चालू द्या. एवढ्यापुरता कायदा सरकारने आधी करावा.