सरासरी मेंदू नेमका कुणाचा?

वर्गाची सरासरी ६२ टक्के आली, म्हणून वर्गात कुणाला तरी ६२ पडलेच असतील असं नाही. मेंदूचंही तसंच. कुणाच्याच डोक्यात नसलेला एक ‘सरासरी मेंदू’ जगभरचे संशोधक रोज मापदंड म्हणून वापरतात.

तो बनतो कसा? अनेक निरोगी लोकांचे एमआरआय घ्यायचे. डोकी लहान-मोठी, कुणाची मान कललेली. म्हणून ‘एसपीएम’, ‘एफएसएल’सारखं सॉफ्टवेअर प्रतिमा फिरवून, ताणून, दाबून आधी एकमेकींवर नीट बसवतं, मगच एकेका बिंदूची सरासरी. बसवण्यात ढिलाई झाली, की चित्र धूसर.

१९८८चा प्रसिद्ध तालेराक नकाशा ६० वर्षांच्या एकाच स्त्रीच्या मेंदूवर बेतला होता. पुढे माँट्रियलमध्ये ३०५ आणि नंतर १५२ जणांची सरासरी निघाली, आणि तीच जगाची फूटपट्टी झाली. २०१९मध्ये हैदराबादच्या ट्रिपल आयटीने १०० भारतीयांच्या, निम्मे स्त्रिया-निम्मे पुरुष, स्कॅनवरून आपला नकाशा केला. तेव्हा भारतीय मेंदू सरासरीने आकाराला थोडा लहान आढळला. बुद्धीशी याचा संबंध जोडू नका. धोका वेगळाच आहे: परक्या मापाशी ताडला, तर ठणठणीत मेंदूही ‘आक्रसलेला’ वाटू शकतो.

पुण्याला हा धडा नवा नाही. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच उदाहरणं मांडली. दोघांचा बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२! आकडा एक, अर्थ दोन.

मित्रांनो, प्रोजेक्टसाठी तुम्ही रेडिमेड डेटासेट उतरवता, मॉडेल चालवता आणि ९५ टक्के अचूकता आली की खूश होता. त्याआधी एवढं विचाराच: यात कोण आहेत? कुठल्या वयाचे, कुठल्या देशाचे? आणि कोण नाहीत? रिपोर्टमध्ये ते लिहाही, मार्क मिळोत न मिळोत. शंभर जणांचा नकाशा ही सुरुवात आहे. खेड्यातली आजी, आदिवासी पाड्यावरचा तरुण अजून मोजायचे आहेत. ते काम तुमच्याच पिढीच्या वाट्याला येणार आहे. सरासरी काढणं कॉम्प्युटरचं काम. कुणाची काढायची, हे ठरवणं तुमचं.