घर ट्रकमधून येतं, जमीन येत नाही

मागच्या वर्षी माझ्या मामूंनी होटगी रोडला एका कंपनीचं नमुन्याचं तयार घर बघितलं. चकचकीत पॅनेलच्या भिंती, मॉड्युलर किचन. "45 दिवसांत घर उभं. प्लॉटही आम्हीच देतो. बँक नको, व्याज नको, 24 हप्ते." 'व्याज नको' ऐकलं आणि मामूंनी 3 लाख देऊन टाकले. पावती कंपनीची, कागद नोटरीचा.

मी पुण्याहून आलो आणि मोबाइलवर त्या गटाचा सातबारा काढला. जमीन शेतीची, नावं पाच भावंडांची, इतर हक्कांत कर्जाचा बोजा. कंपनीचं नाव कुठेच नाही. एजंटला विचारलं तर म्हणाला, "भाई, घर बुक झालंय ना, जमिनीचं होऊन जाईल." मामू म्हणाले, "माणूस आपलाच आहे." आज 1 लाख परत आलेत. बाकीच्यासाठी फोन चालू आहेत.

प्रीफॅब घराशी माझं भांडण नाही. भांडण 'घर अधिक जमीन' या एका पॅकेजशी आहे. घर ही वस्तू आहे, ती डोळ्यांनी बघता येते. जमीन हा हक्क आहे, तो फक्त कागदावर दिसतो. आपण भिंतीला हात लावून खूश होतो आणि कागद बघतच नाही. नोटरीच्या साठेखताने किंवा कुलमुखत्यारपत्राने मालकी येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट सांगितलंय. आपल्या राज्यात तर शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेताही येत नाही. मग "एनए होणार आहे" या एका वाक्यावर पैसे का मोजायचे?

आता थोडं आपल्याबद्दल. आपल्यातले बरेच जण व्याजामुळे गृहकर्ज टाळतात. मीही टाळतो. पण कर्ज देण्याआधी बँकेचा वकील त्या जमिनीचे जुने कागद तपासतो. आपण व्याजासोबत ही तपासणीही सोडून दिली, आणि हे अशा कंपन्यांना पक्कं माहीत आहे. ऑफिसात माझा दहा ओळींचा कोडही दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जात नाही. इकडे अब्बांची आयुष्यभराची कमाई आपण एका सलामवर देऊन येतो! सूरह बकराची 282वी आयत उधारीचा व्यवहार लिहून, साक्षीदार ठेवून करायला सांगते. 'आपला माणूस आहे' म्हणून त्यातून सूट मिळत नाही.

म्हणून दोन व्यवहार वेगळे करा. आधी जमीन: सातबारा, फेरफार, एनए आदेश, मंजूर लेआउट आणि वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट. महारेरा नोंदणी लागणारी प्लॉटची योजना असेल तर महारेरा नंबर मागा. अशा योजनेत नोंदणीकृत करारापूर्वी 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेणं कायद्याने मना आहे. खरेदीखत नोंदलं, सातबाऱ्यावर नाव चढलं, की मग घराचं बोला. तेव्हाही विचारा: आपल्या काळ्या मातीत पाया कोण भरणार? बोअर, सेप्टिक टाकी, वीजजोडणी कुणाच्या खर्चाने?

आणि एकेकटे जाऊ नका. आपल्याच शहराला लागून कुंभारीत विडी कामगार बायांनी सोसायटी करून, मोर्चे काढून घरं मिळवली. 2006 मध्ये गोदूताई परुळेकर वसाहतीची 10 हजार घरं झाली, जानेवारी 2024 मध्ये रे नगरच्या 15 हजार घरांचा ताबा मिळाला. विड्या वळणाऱ्या बायांना जे जमलं, ते आपल्या डिग्र्यांना का जमू नये?

प्रत्येक मोहल्ल्यात दोन इंजिनियर आणि एक वकील महिन्यातून एक रविवार बसले, तरी पुष्कळ मामू वाचतील. नई जिंदगीत मी बसायला तयार आहे. वकील हवाय. कोण येतंय?