एकूण दशक किती?

चौथी-पाचवीच्या वर्गात फळ्यावर ३,४७० लिहून ७ची स्थानिक किंमत विचारा. '७०' हे उत्तर चटकन येते. त्याच संख्येत एकूण दशक किती, असे विचारले की मात्र पुष्कळ मुले 'सात' म्हणतात. खरे उत्तर ३४७ आहे. दर्शनी आणि स्थानिक किमतीचे तक्ते भरून घेताना आपण अंकाचे घर ओळखायला शिकवतो. पण त्या घराच्या डावीकडचे सगळे त्याच गठ्ठ्यांत मोजता येते, हे शिकवायचे राहून जाते. मोठ्या संख्यांची आसन्न किंमत काढताना मुले अडखळतात, त्याचे मूळ त्या पाठात नसून या राहून गेलेल्या भागात आहे, असे आमचे मत आहे.

मुलांच्या चुका नीट वाचल्या की हे पटते. ३,९९६ ही संख्या जवळच्या दशकात सांगायची आहे. 'एककाचा अंक ५ किंवा त्याहून मोठा असेल तर दशकाचा अंक एकाने वाढवा आणि एककाच्या जागी शून्य लिहा' हा नियम पाठ असलेला मुलगा ९ चे १० करतो आणि ३९,१०० लिहून मोकळा होतो. नियम त्याने पाळलेला असतो, पण उत्तर मूळ संख्येच्या जवळपास दहापट झाले हे त्याला खटकत नाही. या संख्येत ३९९ दशक आणि वर ६ सुटे आहेत हे ज्याला दिसते, तो '४०० दशक, म्हणजे ४,०००' असे सरळ सांगतो. दुसरी नेहमीची चूक २,४४९ची. जवळचे शतक काढताना मुले आधी २,४५० आणि मग २,५०० करतात. २४ शतक आणि वर ४९; अर्धे शतकही भरत नाही, म्हणून उत्तर २,४००. 'तीन हजार पंचेचाळीस' ऐकून ३४५ लिहिणाऱ्याची अडचणही याच जातीची आहे: रिकामे शतक बोलताना ऐकू येत नाही, लिहिताना मात्र त्याची जागा राखावी लागते.

यावर शिक्षकांचे दोन आक्षेप येतात. पहिला वेळेचा: अभ्यासक्रम मोठा, डोक्यावर शिष्यवृत्ती परीक्षा, आणि नियमाने उत्तर झटपट मिळते. नियमाला आमचा विरोध नाही; तो गठ्ठ्यांच्या समजेनंतर, त्या समजेचा सारांश म्हणून यावा. आधी आला तर ९ आणि ० असलेल्या प्रत्येक उदाहरणाला वेगळी सूचना द्यावी लागते, आणि वाचवलेला वेळ त्यातच जातो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दशकाचे दांडे आणि शतकाच्या पाट्या हजारापर्यंत पुरतात, लाख कुठून दाखवायचा? मिलिमीटरच्या आलेख कागदाचा दहा सेंटिमीटर बाजूचा चौरस कापा. त्यात १०,००० बारीक चौकोन असतात. असे दहा तुकडे भिंतीवर लावले की एक लाख समोर येतो, आणि कोटीसाठी हजार तुकडे लागतील हे मुले स्वतः हिशेब करून सांगतात. मग २०११च्या जनगणनेतला महाराष्ट्राच्या लोकसंख्येचा आकडा द्यावा: ११,२३,७४,३३३. त्यात १,१२३ लाख पूर्ण आहेत आणि वर ७४,३३३, म्हणून जवळच्या लाखात ११ कोटी २४ लाख. जवळच्या कोटीत ११ कोटी. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. कोणते कुठे वापरायचे, यावर वर्गात खरी चर्चा होऊ शकते.

मुलांशी दोन बाबतींत प्रामाणिक राहायला हवे. २५ ही संख्या २० आणि ३० यांच्या बरोबर मध्ये आहे. ती ३०कडे नेणे हा सोयीसाठी ठरवलेला संकेत आहे, त्यामागे अंतराचे कारण नाही. आणि जवळची संख्या नेहमीच कामाची नसते. १३० मुलांच्या सहलीला ४० आसनांच्या बस सव्वातीन लागतात. जवळची पूर्ण संख्या तीन असली तरी बस चारच सांगाव्या लागतील. म्हणून आमची विनंती एवढीच: आसन्न किमतीचा नियम फळ्यावर लिहिण्याआधी किमान दोन तासिका 'एकूण दशक किती, एकूण शतक किती, वर उरले किती' या तीन प्रश्नांना द्या, आणि घटक चाचणीतही त्यांना गुण ठेवा.