पाहिलंत, तेच गाव लिहा

दिवाळीला नाही तर नाताळच्या सुट्टीत इंग्लंडातली आपली बरीच कुटुंबं घरी जातात आणि आजीआजोबांना भेटून झालं की दोन दिवस जंगलात काढतात. मेळघाट, तोरणमाळ, कुणी ताडोबा. मुलांच्या गळ्यात आपल्या काळी कुणी पाहिला नव्हता असा कॅमेरा असतो. परत आल्यावर फोटो मंडळाच्या ग्रुपवर येतात आणि खाली लिहिलेलं असतं, ‘घुबड, मेळघाट’. ते घुबड प्रत्यक्षात परतवाड्याच्या लॉजसमोरच्या वडावर बसलेलं असलं तरी ‘मेळघाट’ लिहायला बरं वाटतं. कुणाचं काय बिघडतं त्यानं?

बरंच बिघडतं. इंग्लंडातच संग्रहातल्या एका मेलेल्या घुबडाच्या पायातल्या चिठ्ठीवर खोटं गाव लिहिलं गेलं आणि सातपुड्यातल्या एका पक्ष्याचा इतिहास ऐंशीएक वर्षं चुकीचा वाचला गेला.

तो पक्षी म्हणजे रानपिंगळा. डिसेंबर 1872 मध्ये ब्लेविट नावाच्या अधिकाऱ्यानं आजच्या छत्तीसगडमधल्या बसना-फुलझर भागात तो मिळवला. 1873 मध्ये अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. काँग्रेसच्या स्थापनेमुळे आपण ओळखतो तेच हे ह्यूम. 1885 मध्ये त्यांनी आपला पक्ष्यांचा अवाढव्य संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. त्याआधी, 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला, खानदेशात असलेल्या जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्यानं शहाद्याच्या परिसरातून आणखी काही रानपिंगळे टिपले. सगळे मिळून नमुने सातच. 1884 नंतर पक्षी कुणाला दिसला नाही.

अपवाद एकच, कर्नल रिचर्ड मेनर्ट्सहागेन. त्यांच्या संग्रहात एक रानपिंगळा होता आणि त्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: मांडवी, तापीकाठ, 1914. माणूस नामांकित, युद्धात नाव कमावलेला, त्यामुळे लोकांनी विश्वास ठेवला. खरं तर 1919 मध्ये याच गृहस्थांना नमुने परस्पर नेल्याबद्दल म्युझियमच्या पक्षीदालनात काही काळ बंदी घातली होती. तरीही 1954 मध्ये त्यांचा वीस हजारांच्या घरातला संग्रह म्युझियमनं आनंदानं स्वीकारला. मोठ्या नावापुढे चौकशी करायचा संकोच फक्त आपल्याकडेच असतो असं नाही.

1990 च्या दशकात पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी हा नमुना नीट तपासला. क्ष-किरण चित्रं काढली, टाके आणि आत भरलेला कापूस पाहिला. पक्ष्याचं कातडं तयार करण्याची डेव्हिडसनची स्वतःची एक पद्धत होती. मेनर्ट्सहागेननं नमुना उसवून पुन्हा भरला होता, तरी त्या जुन्या हाताच्या खुणा आत शिल्लक होत्या. म्हणजे डेव्हिडसनचाच शहाद्याकडचा पक्षी म्युझियममधून उचलला, नव्यानं शिवला आणि त्याच्या पायात मांडवीची चिठ्ठी अडकवली. ‘आयबिस’ या ब्रिटिश नियतकालिकात हे सगळं 1999 मध्ये छापून आलं.

पण या तपासणीचा उपयोग त्याआधीच झाला होता. मांडवीची नोंद बनावट आहे हे ध्यानात आल्यामुळे रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांनी मांडवी वगळली आणि ज्यांवर भरवसा ठेवता येईल अशाच जुन्या चिठ्ठ्यांचा माग काढला. आधी छत्तीसगड आणि ओडिशाकडच्या जागा धुंडाळल्या. तिथे हाती काही लागलं नाही. मग ते शहाद्याला आले. 25 नोव्हेंबर 1997 च्या सकाळी, सातपुड्याच्या पायथ्याशी, निष्पर्ण झाडावर रानपिंगळा बसलेला दिसला. डेव्हिडसननं खरं गाव लिहून ठेवलं होतं म्हणून शंभराहून जास्त वर्षांनी पक्षी सापडला. आता डांगच्या जंगलातही रानपिंगळा आढळतो आणि ते मांडवीपासून फार लांब नाही. पण म्हणून कर्नलसाहेबांची चिठ्ठी खरी ठरत नाही.

सुट्टीत जाणार असाल तर हा पक्षी ओळखायचा कसा तेही सांगतो. गावातल्या वडापिंपळावर दिसतो तो साधा पिंगळा. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात आणि तो संध्याकाळी खुलतो. रानपिंगळा जेमतेम वीतभर, पण अंगानं थोराड. त्याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्यांचं, छातीवर तपकिरी पट्टा, पोट पांढरं, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे आणि पाय पांढऱ्या पिसांनी झाकलेले. मुख्य म्हणजे तो दिवसा वावरतो. थंडीत सकाळी सागाच्या शेंड्यावर ऊन खात बसतो, शेपटी डावीउजवीकडे झटकतो आणि खालचा सरडा, उंदीर किंवा नाकतोडा हेरतो. वीण साधारण ऑक्टोबर ते मे. घरटं झाडाच्या ढोलीत, म्हणून जुनी झाडं तुटली की त्याचं घर जातं. मेळघाट हा त्याचा सगळ्यांत भक्कम आसरा. 2014 मध्ये तो मुंबईला पाणी देणाऱ्या तानसाच्या अभयारण्यातही सापडला, तेव्हा पक्षीमित्रांना धक्काच बसला. जगात प्रौढ रानपिंगळे हजारापेक्षा कमी असावेत असा अंदाज आहे.

आता पुन्हा इंग्लंड. हे जुने नमुने हर्टफर्डशरमधल्या ट्रिंगला, नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या शाखेत असतात. तिथे जून 2009 मध्ये एका तरुणानं खिडकी फोडून 299 पक्षी पळवले. मध्य अमेरिकेच्या पहाडी जंगलांतले केत्साल, न्यू गिनीकडचे बर्ड्स ऑफ पॅरडाइज, असे दुर्मीळ. कशासाठी, तर गळाला बांधायच्या शोभेच्या माश्या बनवणाऱ्या हौशी लोकांना पिसं विकायला! पोलिसांना 174 पक्षी धड सापडले, पण त्यांतल्या 102 च्याच पायात चिठ्ठी उरली होती. बाकीच्यांची पिसं चमकत होती, पण कुठला, कधीचा हे सांगता येत नसल्यामुळे अभ्यासाला ते जवळजवळ निरुपयोगी.

तेव्हा माझं सांगणं असं. फोटो टाकताना खरं गाव आणि खरी तारीख लिहा. परतवाडा असेल तर परतवाडा. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ असं लिहा. अंदाजानं लिहिलेलं गाव पुढे कुणीतरी खरं मानतं. विमानातून उतरल्यावर कॅमेऱ्याचं घड्याळ बदला. हे आपण सगळेच विसरतो, आणि मग सकाळी साडेआठला टिपलेला रानपिंगळा फोटोच्या नोंदीत पहाटे तीनला बसलेला दिसतो. दिवसा वावरणाऱ्या घुबडाच्या बाबतीत ही चूक साधी नाही.

घरट्याचं झाड मात्र ग्रुपवर सांगू नका. ते वनखात्याला कळवा. जगाला जवळचं गाव पुरे. मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणारा गाइड भेटला तर त्याला थांबवा. आपल्या सुट्ट्या नेमक्या रानपिंगळ्याच्या विणीच्या हंगामात येतात. आवाज ऐकून नर हद्द राखायला धावत येतो, आणि तेवढा वेळ त्याची शिकार राहते. दिवाळीच्या सुमारास अंधश्रद्धेपायी घुबडं पकडली आणि विकली जातात. असं काही कानावर आलं तर ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घुबड पकडणं गुन्हा आहे, आणि वनखात्याला कळवायला भारतीय पासपोर्ट लागत नाही.

मुलांना सवय लावायला सातपुडा गाठायची गरज नाही. जानेवारीच्या शेवटी, शुक्रवार ते रविवार, आरएसपीबी या पक्षीसंरक्षण संस्थेची ‘बिग गार्डन बर्डवॉच’ ही मोजणी असते, 1979 पासून चालू आहे. एक तास खिडकीशी बसायचं आणि एका वेळी दिसले तेवढेच पक्षी लिहायचे. कबुतरं दोनच आली तर दोनच, शेजाऱ्याच्या बागेतला रॉबिन आपला म्हणायचा नाही. आणि एखाद्या रविवारी ट्रिंगला जाऊन या. लंडनच्या युस्टनहून गाडी आहे, दालनं पाहायला पैसे पडत नाहीत. अभ्यासाचे नमुने कुलपात असतात, ते दिसणार नाहीत. हे म्युझियम उभारणाऱ्या वॉल्टर रॉथशिल्डनं जमवलेले प्राणी-पक्षी दिसतील. मुलांना घेऊन जाल तेव्हा सोबत एक वही द्या आणि पहिल्या पानावर त्यांच्याकडूनच लिहून घ्या: ट्रिंग, आणि त्या दिवसाची तारीख.